आपले नाव आपल्या हाताने



आम्ही पस्तीस वर्षे मुलांना शिकवले. आता निवृत्त झालो. संस्थेची मंडळी म्हणाली, "गुरुजी, रात्रीच्या वर्गात चार शब्द बोला." आम्ही फार शिकलेलो नाही. जुनी मॅट्रिक, त्यावर मास्तरकीचे शिक्षण. पण आयुष्यभर एक काम पुष्कळ केले. शाळेच्या पटावर नावे लिहिली. तेव्हा नावाविषयीच बोलू.

या वर्गात पहिल्या दिवशी पाटीवर स्वतःचे नाव लिहायला शिकवतात. परवा एक बाई पेन्सिल हातात धरून तशाच बसल्या. आम्ही विचारले, "काय अडलं?" त्या म्हणाल्या, "गुरुजी, कुठलं लिवू? म्हायारचं का सासरचं?"

प्रश्न साधा दिसतो. तसा तो नाही. आपल्याला नाव कोण देतो? ते कोण लिहितो? आणि आपला त्यावर हक्क किती? हे जरा पाहू.

आधी आडनाव घेऊ. आपल्या पेठ वडगावच्या बाजारात उभे राहा आणि मोठ्याने हाक मारा, "ओ पाटील!" दहा माणसे मागे वळून बघतील. त्यांत कोणी मराठा असेल, कोणी जैन, कोणी लिंगायत, कोणी मुसलमान. असे का? कारण पाटील ही जात नव्हे. पाटील हे काम. गावाचा कारभार ज्याच्याकडे, तो पाटील. त्याचा मदतनीस तो चौगुला. सरकारी खजिन्यात नाणी पारखून घेणारा तो पोतदार. आता दुकानांच्या पाट्या वाचा. अत्तर विकणारा अत्तार. विड्याची पाने विकणारा तांबोळी. हत्यारांना धार लावणारा शिकलगार. सुतार, लोहार, कुंभार तर सांगायलाच नकोत.

दुसरी आडनावे गावावरून आली. सांगलीचा तो सांगलीकर, निपाणीचा तो निपाणीकर. वडगावचा तो वडगावकर. पण वडगावे महाराष्ट्रात पुष्कळ. जिथे वडाचे झाड, तिथे वडगाव. म्हणून वडगावकर भेटला, की विचारावे लागते, "कुठलं हो वडगाव?" आणखी एक गंमत बघा. गावात राहणाऱ्याला गावचे नाव कोण लावील? माणूस गाव सोडून गेला, म्हणजे नव्या ठिकाणचे लोक त्याला जुन्या गावाने ओळखतात. 'कर' लावलेल्या पुष्कळ आडनावांमागे असा एखादा प्रवास असतो.

काही आडनावे नुसती हाकेची. कोणी काळा म्हणून काळे, कोणी गोरा म्हणून गोरे. आता काळ्यांच्या घरात गोरी पोरे असतात आणि गोऱ्यांच्या घरात काळी. आडनाव मात्र चालूच!

आता एक आडनाव नीट ऐका. चिटणीस. फारसी भाषेत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्या-पत्रे लिहिणारा तो चिटणीस. तसाच फडणीस, तसाच पारसनीस. गावाचा हिशेब लिहिणारा तो कुलकर्णी. पूर्वी लिहिणे हे ठराविक घरांचे काम होते. बाकीच्यांनी अंगठा उठवायचा. ज्याच्या हाती लेखणी, त्याने लिहील ते खरे. शाहू महाराजांनी हे ओळखले. १९१७ साली करवीर संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. १९१८ साली कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. लेखणी वतनातून सुटली. म्हणून आज तुम्ही-आम्ही इथे बसलो आहोत.

हे आपल्याकडेच आहे असे नव्हे. इंग्रजांत स्मिथ हे आडनाव गावोगाव सापडते. स्मिथ म्हणजे लोहार. आपल्या गोव्यात फर्नांडिस आहेत. ते आडनाव पोर्तुगिजांबरोबर आले. त्याचा मूळ अर्थ फर्नांडोचा मुलगा. आइसलंड नावाचा एक थंड देश आहे. तिथे बहुतेकांना आडनावच नसते. मुलगा बापाच्या नावापुढे 'सन' लावतो, मुलगी 'डॉटिर' लावते. म्हणजे सख्ख्या बहीण-भावांच्या नावांचे शेवट निरनिराळे. काहीजण आईचेही नाव लावतात. तुर्कस्तानात तर १९३४ साली कायदा झाला, की प्रत्येक घराने आडनाव घ्यावे. त्यांचे पुढारी मुस्तफा केमाल यांना तिथल्या लोकसभेने 'अतातुर्क' हे आडनाव दिले. अर्थ, तुर्कांचा पिता.

यावरून काय कळते? आडनाव आभाळातून पडत नाही. कधी कामाने येते, कधी गावाने, कधी कायद्याने. आणि ते बदलतेही.

जोतीराव फुले यांचे उदाहरण घ्या. आपल्या पश्चिमेला जोतिबाचा डोंगर आहे. त्या जोतिबावरून त्यांचे नाव ठेवले. त्यांच्या घराण्याचे जुने आडनाव गोऱ्हे. गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. पुण्यात येऊन घराण्याने फुलांचा धंदा केला आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. त्याच फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली.

दुसरे उदाहरण साताऱ्याचे. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी तिथल्या शाळेच्या पटावर एक नाव लिहिले गेले, भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचे आडनाव सकपाळ. गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. तोच भिवा पुढे बाबासाहेब झाला. महाराष्ट्र सरकारने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस ठरवला. पटावरची एक ओळ, पण केवढी तिची किंमत!

आता आमच्या हातून लिहिलेल्या एका ओळीची गोष्ट सांगतो. ती सांगताना मान खाली जाते.

आपल्याकडे मुलांची नावे कशी ठेवतात? बहुतेक देवाची. हाक मारली, की देवाचे नाव तोंडी येते. जोतीराम, खंडू, विठ्ठल, अंबूबाई. ज्या घरात मुले जगत नसत, तिथे मुद्दाम ओबडधोबड नाव ठेवीत. दगडू, धोंडू, भिकू. नजर लागू नये, काळाने याच्याकडे बघू नये, म्हणून. ते नाव वरून रुक्ष, पण आत माया असे.

पण एक नाव असे आहे, की त्यात माया नाही. नकुसा. नकोशी. मुलीवर मुली झाल्या, की शेवटचीला हे नाव ठेवायचे. म्हणजे पुढे तरी मुलगा होईल.

आम्ही तेव्हा तरुण मास्तर होतो. डोंगरातल्या एका गावी होतो. एक बाप मुलीला घेऊन आला. आम्ही विचारले, "नाव?" तो म्हणाला, "नकुसा. चवथी पोर हाय, गुरुजी." पोर आमच्या लेखणीकडे टक लावून बघत होती. आम्ही सुवाच्य अक्षरात लिहिले, नकुसा. ना थांबलो, ना विचारले. उलट अक्षर चांगले आले म्हणून खूश झालो.

पुष्कळ वर्षांनी दुसऱ्या गावी आमच्या टेबलासमोर एक बाई मुलाला घेऊन उभी राहिली. आम्ही तेव्हा हेडमास्तर होतो. अर्जात आईचे नाव विचारले होते. ती गप्प. मग हळूच म्हणाली, "गुरुजी, माजं नाव तुमीच लिवलं हुतं."

आम्ही ओळखले. म्हणालो, "सासरी दुसरं नाव ठेवलं असेल की."

ती म्हणाली, "ठेवलं. तांदळात लिवलं. पर मला कुनी इचारलं न्हाई. दोन नावं झाली, दोन्ही दुसऱ्यांनीच लिवली."

मंडळी, त्या दिवशी आम्हाला कळले, की पट लिहिणे ही नुसती कारकुनी नव्हे. बापाला आम्ही एवढेच म्हणायला हवे होते, "दादा, पोरीला चांगलं नाव देऊ या. तूच सांग." एका मिनिटाचे काम होते. ते आमच्याकडून झाले नाही. ती पोर जन्मभर शिक्का घेऊन फिरली.

इतरांनी मात्र ते केले. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात मोठा कार्यक्रम झाला. जिल्ह्यातल्या २८५ नकुशांची नावे बदलली. मुलींनी आपल्या आवडीची नावे घेतली. मुलींनी स्वतः, हे ध्यानात ठेवा.

बायकांच्या नावाचे आपल्याकडे मोठे नवल आहे. बाई उखाण्यात नवऱ्याचे नाव घेते. सगळे कौतुकाने ऐकतात. पण तिचे स्वतःचे नाव कोण घेतो? अमक्याची आई, तमक्याची सून, एवढ्यावर तिचे भागते. आता थोडा पालट होत आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने नियम केला आहे. आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. सरकारी कागदावर आई आली. म्हणजे आईला आपले नाव नीट माहीत हवे, नीट लिहिता यायला हवे.

आणि हेही ऐका. लग्न झाल्यावर नाव बदललेच पाहिजे, असा कायदा नाही. बदलायचे तर खुशीने बदला. नको तर ठेवा. मात्र शाळेचा दाखला, रेशनकार्ड, आधार, बँकेचे पुस्तक, सगळीकडे एकच नाव एकसारखे असावे. नाहीतर पुढे खेटे घालावे लागतात.

मूल जन्मले, की २१ दिवसांत नोंद करा. तेव्हा नाव ठरले नसले तरी चालते. एका वर्षाच्या आत नाव घालता येते, त्याला पैसे पडत नाहीत. कोणी लिहून दिले, की लगेच सही करू नका. आधी एकेक अक्षर वाचा. चूक दिसली, की तिथेच सांगा, "हे असं नाही, असं लिहा." लिहिणारा रागावला तर रागावू द्या. नाव आपले आहे.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. कुठले लिहू? आम्ही त्यांना म्हणालो, "बाई, पाटी तुमची, पेन्सिल तुमची. तुम्हाला जे आपलं वाटतं ते लिहा." त्यांनी थोडा विचार केला. मग सावकाश माहेरचे नाव लिहिले. खाली सासरचेही लिहिले. दोन्हींकडे बघून म्हणाल्या, "हितं दोन्ही असू देत."

उद्या तुम्हीही तीन ओळी लिहून आणा. माझे नाव काय. ते कोणी ठेवले. त्याचा अर्थ काय. अर्थ ठाऊक नसेल, तर घरी थोरल्यांना विचारा. अक्षर वाकडे आले तरी हरकत नाही.

आम्ही तपासू. पण या वेळी लिहिणार तुम्ही.