कॅसलरॉकला जुळलेले रूळ

शेजारी देश मिळून रस्ते, वीज आणि इंटरनेटचं जाळं जोडणार, अशा बातम्या हल्ली वरचेवर येतात. आपल्या रामनगरकरांना त्याचं फारसं अप्रूप वाटू नये. आपल्याच जोयडा तालुक्यात, कॅसलरॉकला, एकेकाळी दोन साम्राज्यांचे रूळ येऊन मिळत होते.

26 डिसेंबर 1878 रोजी ब्रिटन आणि पोर्तुगालने करार केला. पोर्तुगीज गोव्यातल्या मुरगाव बंदरातून निघालेली गाडी घाट चढून ब्रिटिश हद्दीतल्या रेल्वेला मिळणार आणि मधली जकात उठणार. नाणंही जुळवलं गेलं. गोव्याचे रुपये कलकत्त्याच्या टांकसाळीत पडू लागले. 1888 मध्ये दूधसागराच्या अंगावरून मीटरगेजची गाडी वर आलीसुद्धा.

बदल्यात ब्रिटिशांना हवं होतं मीठ. गोव्याची मिठागरं त्यांच्या ताब्यात गेली आणि त्यापोटी पोर्तुगीज सरकारला वर्षाला 4 लाख रुपये मिळू लागले. माडावर चढून सूर म्हणजे माडी काढणारे रेंदेरही नव्या अबकारी करात सापडले. मिठागरात राबणाऱ्याला किंवा रेंदेराला कोणी विचारलं होतं म्हणता? सौदा लिस्बनमध्ये ठरला होता.

हा करार जानेवारी 1892 मध्ये संपला, तो पुन्हा झालाच नाही. गाडी चालत राहिली, पण जकातीचा नाका परतला. 1955 साली सीमा बंद झाली, तेव्हा गाडीही थांबली, ती गोवा मुक्त होईपर्यंत. रूळ तेच, बोगदे तेच. खडक फोडण्यापेक्षा करार टिकवणं अवघड, असं माझं तरी मत आहे.

आजचंच बघा. भारत, नेपाळ, भूतान आणि बांगलादेश यांनी 2015 मध्ये वाहनांच्या ये-जा करण्याबाबत करार केला. ट्रकांच्या धुराच्या धास्तीने भूतान नंतर मागे सरला. त्याच भूतानात यूपीआयने पैसे देण्याची सोय मात्र 2021 मध्ये सुरूही झाली. ट्रक डोंगरात धूर सोडतो, मोबाइल सोडत नाही! आणि नोव्हेंबर 2024 मध्ये नेपाळची 40 मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात पोचली.

सुपा धरणात ज्यांची घरंदारं, शेतं गेली, अशी कितीतरी कुटुंबं इथे रामनगरात येऊन वसली आहेत. विजेच्या अशा बातमीत मेगावॅटचा आकडा असतो, पण धरण कुठे झालं आणि तिथून कोण उठलं, हे त्यांनी विचारलं तर त्या बातमीत सापडत नाही.