चर बुजण्याआधी पाइप बघा
(महिला मेळाव्यातील भाषण)

तायांनो, जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलंय. पाच जणांच्या घराला २७५ लिटर. त्यातलं ८० टक्के, म्हणजे २२० लिटर, सांडपाणी होतं आणि गटारात जातं. आपली नळाची पाइपही त्याच गटारातून गेली असेल तर? नळ चालू असताना गळका जोड पाणी बाहेर टाकतो; नळ बंद झाला की तोच जोड गटारातली घाण आत ओढतो. दुसऱ्या दिवशी ती हंड्यात येते, लेकरांना जुलाब लागतात. म्हणून पाइप गटारापासून दूर, वरच्या अंगानं न्यायला लावा. सांडपाण्याला शोषखड्डा करा, पण विहिरीपासून लांब. ग्रामसभेत हे मांडा, ठरावात लिहून घ्या. चर बुजल्यावर बोलून उपयोग नाही.