शब्दांचे तयार पत्ते



माझी नात सुरतेस वाढते. ती बोलते गुजराती, मी येथे रनाळ्यात अहिराणी. फोनवर आम्ही दोघी नुसत्याच हसत असू. म्हणून मी मोबाईलवरील शब्दपत्ते हाती धरले. पुढे शब्द, मागे अर्थ. अर्थ आठवला तर पत्ता उशिरा परत येतो, विसरला तर लवकर. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली हीच युक्ती खोक्यातील कागदी पत्त्यांसाठी मांडली होती. २००६ साली निघालेले ‘अंकी’ ते काम आपोआप करते.

लोकांनी तयार केलेले संच तेथे फुकट मिळतात. हजारो शब्द पाहून मी मोठा संच घेतला. अर्थ सारे इंग्रजीत! उजळणी साठत गेली आणि आठवड्यात मी कंटाळले.

आता मी आधी वीस पत्ते पाहते. उच्चार ऐकू यावा, शब्द वाक्यात असावा, एका पत्त्यावर एकच गोष्ट असावी. काही शब्द जाणकाराकडून तपासून घ्यावेत, कारण चूक एकदा पाठ झाली की निघता निघत नाही. दिवसाला पाच नवे शब्द पुरेत. अर्थ मात्र आपल्या बोलीत लिहावा. माझ्या पत्त्यावर पुढे ‘दीकरी’, मागे ‘आंडेर’.

परवा तो पत्ता मी नातीला वाचून दाखविला. ती म्हणाली, “आजी, आता मला तुझे शब्द दे.” भगिनींनो, ते पत्ते कोठे तयार मिळायचे? ते आपणच करावयाचे आहेत.