भाड्याची खोली आणि मुके जनावर



कामगार चळवळीतला माणूस बोलायला उभा राहिला की मालकांना चार शब्द ऐकवणार, अशी आपली अपेक्षा असेल. आज मात्र मला खोल्या भाड्याने देणाऱ्या मंडळींशी समजुतीने बोलावयाचे आहे.

खामगावातील एका जिनिंगमधल्या रोजंदार कामगाराने गेल्या हंगामात खोली बदलली. नव्या मालकाची अट एकच, जनावर चालणार नाही. घरात सात वर्षांची कुत्री होती. ती मागेच राहिली. चार दिवस ती जुन्या खोलीच्या कुलपासमोर बसून होती, असे शेजारी सांगतात. सबळ कारणावाचून जनावराला भूकतहानेचे हाल होतील असे सोडून देणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. दुसरी खोली मिळेना, हे कारण सबळ की कसे, ते कोर्ट ठरवील. बोट मात्र कामगाराकडे दाखवले जाते. अट घालणाऱ्याला कोणी विचारीत नाही.

भाडेकरूला संरक्षण आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ प्रमाणे शेजाऱ्यांना उपद्रव दिल्यास घर खाली करून घेता येते; पण तो उपद्रव सिद्ध करावा लागतो. जनावर पाळणे हाच उपद्रव, असे कायदा म्हणत नाही. परंतु आज पुष्कळांच्या हाती अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसेन्सचा कागद असतो. मुदत संपली की कलम २४ लागते, आणि मग मालकाला कारणही सांगावे लागत नाही. म्हणून हा प्रश्न कोर्टात नव्हे, मालकाच्या ओसरीवरच सुटावयाचा आहे.

मालकांची तक्रार खोटी आहे असे मी म्हणत नाही. मांजर चौकट ओरबाडते, कुत्रे रात्री झोपू देत नाही, लहान मुलांना चावण्याची भीती असते. मग ते कागदावर आणा. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ ने तुमच्यावरच टाकली आहे. त्यातच लिहा : जनावर कोणते, रेबीजची लस टोचल्याचा दाखला, अंगण कोण झाडणार, जाताना चुना कोण देणार. हवी तर अनामत थोडी वाढवा. पण पावती द्या, आणि नुकसान झाले नसेल तर पैसे परत करा. (पावतीचा आग्रह हे आम्हा युनियनवाल्यांचे जुने व्यसन!)

बकरीची गोष्ट वेगळी. ती हौस नव्हे, घरचे दूध आहे आणि अडीनडीचा पैसाही. दहा बाय दहाच्या खोलीत ती ठेवू नये, हे मलाही मान्य आहे. पण पुष्कळ वाड्यांच्या मागे मोकळी जागा पडून असते. तिथे चार पत्रे टाकून द्या आणि त्याचे वेगळे भाडे लावा. आमची माणसे ते देतील.