सफरचंदाची रोगप्रतिकारक जात : भरवसा कितपत ठेवावा?



अलीकडे महाराष्ट्रातही काही हौशी बागायतदारांनी कमी थंडीत येणाऱ्या सफरचंदाची कलमे लावली आहेत. कलम घेताना हमखास प्रश्न येतो, "ही जात रोगाला बळी पडत नाही ना?" याचे उत्तर जेथे हे पीक मुरले आहे, तेथील अनुभवावरून देतो.

सफरचंदाचा मोठा शत्रू म्हणजे स्कॅब, अर्थात खपली रोग. हवा 18 ते 24 अंश सेल्सिअस आणि पाने सुमारे 9 तास ओली राहिली की ही बुरशी रुजते. पानांवर काळपट डाग येतात, फळांवर खपल्या धरतात. काश्मीरमध्ये 1973 साली या रोगाची मोठी साथ आली. रोगाला बळी पडणारी डेलिशस जात तेथे मोठ्या प्रमाणावर लागवडीत होती. एका जातीची सर्व कलमे आनुवंशिकदृष्ट्या एकच झाड. एकाला जे बाधते ते साऱ्यांना बाधते.

यावर उपाय सापडला तो मॅलस फ्लोरिबंडा या बारीक फळांच्या शोभेच्या सफरचंदात. अमेरिकेत 1914 साली त्याचा संकर झाला. पुढे मोठ्या फळांच्या जातींशी पुन्हा पुन्हा संकर करून 1970 साली 'प्रायमा' ही जात प्रसारित झाली. तिचा प्रतिकार मुख्यतः एका जनुकावर उभा होता. बुरशीही बदलते. या जनुकाला न जुमानणाऱ्या नव्या वंशाची नोंद 1993 साली युरोपातून प्रसिद्ध झाली.

रशियातील अँटोनोव्का या जुन्या स्थानिक जातीत मात्र प्रतिकार अनेक जनुकांत वाटलेला आहे. डाग थोडेफार पडतात, पण असा प्रतिकार सहसा एकदम मोडत नाही.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, जात "प्रतिकारक" म्हटली की कोणत्या रोगाला, हे विचारा. खपलीला टिकणारी जात भुरीलाही टिकेल असे नाही. दुसरी, प्रतिकारक जात असली तरी बागेतील गळलेली पाने गोळा करून नष्ट करा. खपलीची बुरशी त्यांतच हिवाळा काढते. तिसरी, आपल्या बांधावरचा जुना आंबा, बोर किंवा सीताफळ तोडण्यापूर्वी थांबा. रोगाच्या वर्षी शेजारची झाडे खराब झाली आणि ते टिकले, तर त्यावर खूण करा. दोन-तीन हंगाम पाहा आणि कृषी विद्यापीठाला कळवा. फळ लहान वा आंबट असले तरी चालेल. गोडी संकरातून आणता येते. तोडलेल्या झाडातले जनुक मात्र परत आणता येत नाही.