भाग ४१: फ्रीझर, बिअर आणि ८५ डिग्री

मागच्या भागात मी प्रॉमिस केलं होतं की एकदा माझ्या सगळ्यात महागड्या बगची गोष्ट सांगेन. तर आज तीच. हा बग ऑफिसातला नाही, माझ्या गॅरेजमधल्या फ्रीझरमधला आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. मी राहतो ओरेगॉनमध्ये, पोर्टलंडजवळ. अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली आणि घरी स्वतःपुरती बिअर बनवायला केंद्र सरकारची मोकळीक मिळाली. दोन प्रौढ माणसांच्या घरात वर्षाला २०० गॅलनपर्यंत. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे ऐकून लगेच प्रयोग करू नका. पण आजचा मुद्दा बिअरपेक्षा तापमानाचा आहे, तो कुठेही लागू पडतो.

तर मी आणि माझा रूममेट, दोघांनी मिळून एक जुना चेस्ट फ्रीझर घेतला. चेस्ट फ्रीझर म्हणजे आपल्याकडे आइस्क्रीमच्या दुकानात असतो तो, वरून झाकण उघडायचा. त्यात १९ लिटरचे दोन स्टीलचे केग ठेवायचे, बाजूला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, झाकणाखाली लाकडी चौकट, चौकटीत नळ. पण फ्रीझर बनवलेला असतो उणे १८ अंशांसाठी आणि आपल्याला बिअर हवी साधारण ३ ते ४ अंशांवर. म्हणून बाहेरून एक कंट्रोलर लावायचा. आत सेन्सर, बाहेर रिले. तापमान वाढलं की फ्रीझरला वीज द्यायची, उतरलं की तोडायची. बस्स.

असा तयार कंट्रोलर तीस-चाळीस डॉलरला मिळतो. पण मी इंजिनिअर ना! मी विकत घेणार होय? ईएसपी-३२ बोर्ड घेतला, डीएस-१८-बी-२० नावाचा सेन्सर घेतला आणि एका संध्याकाळी कोड लिहून टाकला.

पहिली चूक लगेच कळली. सेन्सर हवेत लटकवला होता. हवा पटकन गार होते, पटकन गरम होते. झाकण उघडलं की कॉम्प्रेसर सुरू, दोन मिनिटांत बंद, परत सुरू. इकडे १९ लिटर बिअर मात्र जागची हलत नाही, तिला तापमान बदलायला तास लागतात. म्हणजे मी मोजत होतो हवा आणि मला सांभाळायची होती बिअर. मग सेन्सर केगला टेपने चिकटवला आणि वरून थर्माकोलचा तुकडा लावला, म्हणजे त्याला केगचं तापमान कळेल, हवेचं नाही.

दुसरी गोष्ट, फरक ठेवायचा. ३.५ ला बंद आणि ३.६ ला चालू असं केलं तर कॉम्प्रेसरला उसंतच नाही. मी १ अंशाचा फरक ठेवला. आणि तिसरी गोष्ट, बंद झाल्यावर निदान ५ मिनिटं चालू करायचा नाही. कारण गॅसचं प्रेशर दोन्ही बाजूंना सारखं व्हायला वेळ लागतो. त्याआधी चालू केला तर मोटरवर लोड येतो. आपल्याकडे स्टॅबिलायझर वीज आल्यावर ३ मिनिटं थांबतो ना, ते ह्याचसाठी.

आणि एक छोटा पंखा, कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा. गार हवा तळाशी बसते, वर नळाजवळ गरम राहतं. मग पहिल्या ग्लासात नुसता फेस येतो. पंख्याने हवा फिरली की फेस कमी.

हे सगळं मस्त चाललं. तीन महिने.

मग रूममेटचा जॉब गेला. एच-१बी वाल्यांना माहितीये, ६० दिवस असतात. साठाव्या दिवसापर्यंत काही जमलं नाही तर बॅग भरायची. त्याचं नाही जमलं. पुण्याला परत जायचं ठरलं. शेवटची बॅच आम्ही दोघांनी मिळून बनवली होती. रविवारी संध्याकाळी सगळे मित्र येणार, तीच बिअर प्यायची आणि त्याला निरोप द्यायचा. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघं समुद्रावर गेलो, कॅनन बीचला.

रविवारी दुपारी परत आलो. फ्रीझर उघडला तर आतल्या भिंतींवर बोटभर बर्फ. केग हलवला तर आवाज नाही. झाकण काढलं, आत अर्धी बिअर गोठलेली. फोनवर लॉग बघितला. शुक्रवारी रात्रीपासून एकच आकडा, ८५. ८५. ८५.

ज्यांनी हा सेन्सर वापरलाय ते आता हसत असतील. त्याला नुकतीच वीज मिळालेली असते आणि अजून मोजमाप झालेलं नसतं, तेव्हा तो ८५ अंश सांगतो. एक वायर लूज झाली होती. सेन्सर सारखा रीसेट होत होता आणि दर वेळी ८५ म्हणत होता. आणि माझा कोड म्हणत होता, बाप रे, ८५! चालू ठेव!

मी बाबांना फोन लावला. बाबांचं इचलकरंजीत फ्रिज रिपेअरिंगचं दुकान आहे, तीस वर्षं. त्यांना मी सांगितलं होतं की फ्रीझर भाज्यांसाठी घेतलाय. त्या दिवशी खरं सांगावं लागलं. दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, "पिण्याचं आपण नंतर बोलू. आधी सांग, कॉम्प्रेसर किती तास चालला?"

मी म्हटलं, "चाळीसेक."

"हात लावून बघ, किती तापलाय. बंद कर आणि गार होऊ दे." मग म्हणाले, "अरे, थर्मोस्टॅट बिघडला तर काय करायचं, हे तू मशीनला सांगितलंच नाहीस?"

नव्हतं सांगितलं. मी फक्त विचार केला होता की तापमान जास्त असेल तर काय आणि कमी असेल तर काय. तापमान माहीतच नसेल तर काय, हा तिसरा प्रश्न डोक्यातच आला नाही. ऑफिसात मी दुसऱ्यांच्या कोडवर हीच कमेंट करतो!

आता कोडमध्ये काय आहे सांगतो. रीडिंग उणे १० च्या खाली किंवा ४० च्या वर गेलं तर विश्वास ठेवायचा नाही. सलग तीन रीडिंग असे आले तर कॉम्प्रेसर बंद आणि फोनवर अलार्म. शिवाय काहीही झालं तरी सलग २ तासांवर चालवायचा नाही. बिअर एक दिवस कोमट झाली तर बिघडत नाही, गोठली तर बिघडते. म्हणून इथे 'बंद' ही सेफ बाजू. आत इन्सुलिन असतं तर गोठणंही वाईट आणि तापणंही वाईट, तिथे अलार्म सगळ्यात महत्त्वाचा. सेफ बाजू कुठली, हे आत काय ठेवलंय त्यावर ठरतं. ते आधी ठरवा, कोड नंतर लिहा.

तर पार्टीचं काय झालं? दोन्ही केग बाथटबमध्ये पाण्यात ठेवले. रात्री आठला कशीबशी नळातून बिअर आली. गढूळ, वर पांढरे कण तरंगतायत. पहिला ग्लास रूममेटला दिला. त्याने उजेडात धरून बघितला आणि म्हणाला, "ताक आहे का रे?" सगळे हसले, आणि सगळ्यांनी तीच प्यायली.

तो आता पुण्यात आहे, जॉबही लागलाय. हा भाग ऐकून मेसेज करेलच.

आणि बाबांचं 'नंतर बोलू' अजून बाकी आहे. दिवाळीत घरी जातोय, बघू.

तुमच्या घरात असं काही ऑटोमॅटिक चालत असेल, पाण्याची मोटर, गीझर, काहीही, तर आज एकदा त्याचा सेन्सर काढून बघा काय होतं ते. आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!