'चालेल की नाही चालेल?'



हुकूम कसा सोडतात यावरून कारखाना ओळखावा, असे आम्ही समजतो. आमचे शिक्षण शाळेपेक्षा फाटकसभांतच अधिक झाले. तेव्हा पंडिती भाषाशास्त्राची अपेक्षा आमच्याकडून नसावी.

हाँगकाँगचा कामकरी माणूस कँटनी बोलतो. या बोलीत शब्दाचा अर्थच सुरावर ठरतो. असे सहा सूर मानतात. म्हणून आवाज चढवून-उतरवून भाव दाखवायला तेथे वाव थोडा. ते काम वाक्याच्या शेपटाला लागणारी इवलीशी अव्यये करतात. नुसते क्रियापद म्हणजे हुकूम; त्याला उंच सुरातला 'ला' जोडला की तीच गळ होते. आपले 'बस' आणि 'बस ना' आठवा.

दुसरी युक्ती 'पाँग ङो'ची, म्हणजे 'मला मदत कर'. कारकुनाला सांगायचे ते असे : 'मला मदत करून एवढा कागद टाइप कर.' काम कंपनीचे, पगार कंपनीचा, आणि मागणी मात्र स्नेह्याची! शेवटी 'तक म् तक?', चालेल की नाही चालेल? वर 'म् कोय'. याचा शब्दशः अर्थ 'असे व्हायला नको', म्हणजे तुम्हाला तसदी द्यायला नको होती. विनंतीला हाच शब्द आणि केल्या कामाच्या आभारालाही हाच. भेटवस्तूचे आभार मानायला 'तो चे' हा शब्द निराळा. श्रमाचे आभार वेगळे राखणारी भाषा आम्हांला मोठी शहाणी वाटते.

पण या प्रश्नाला 'नाही चालत' म्हणण्याची सोय कोणाला? बरोबरीच्या सोबत्याला आहे. 'लौ साय'ने, म्हणजे मालकाने, संध्याकाळी सात वाजता तेच विचारले तर? हुकूम मोडणारा बंडखोर ठरतो; मदत नाकारणारा कृतघ्न ठरतो, आणि हे दुसरे अधिक जड जाते. तेथे २०११ पासून किमान वेतनाचा कायदा आहे; प्रौढांच्या कामाच्या तासांना मात्र सरसकट कायदेशीर मर्यादा नाही.

या लोकांना नकार देता येत नाही असे कोणी समजू नये. जानेवारी १९२२ मध्ये हाँगकाँगच्या खलाशांनी पगारवाढीसाठी जहाजे सोडली, आणि मार्चमध्ये मालकांना वाढ कबूल करावी लागली. ते 'म् तक' हजारोंनी एकदम म्हटलेले होते. २०२१ साली तेथील स्वतंत्र बाण्याच्या कामगार महासंघाने स्वतःचे विसर्जन केले. त्याच्या आधारावर उभ्या असलेल्या कारकुनाला सात वाजताचे उत्तर आता एकट्याने द्यायचे आहे.